सगळ्यांनी सोडून दिलेलं घर

दोन वर्षं आम्ही जुन्या वस्तीत घर शोधत होतो. जुन्या म्हणजे खरंच जुन्या, जिथे रस्ते अरुंद, झाडं घरांपेक्षा उंच आणि लागेल ते सगळं चालत जाण्याच्या अंतरावर. अशा ठिकाणी राहायला कोणाला नको असतं, त्यामुळे चांगल्या घरांचे भाव आमच्या आवाक्याबाहेर, आणि जे आवाक्यात बसायचं ते बघायला गेलं की नवरा दारातूनच म्हणायचा, "अगं चल, वास बघ कसला येतोय." शेवटी जे घर घेतलं त्यालाही वास येत होताच. फक्त तोवर वास कशाचा आहे हे ओळखता यायला लागलं होतं, आणि मला वाटतं परवडणारं जुनं घर मिळणं बरंचसं यावरच असतं.

त्याआधी एका घराला आम्ही जवळजवळ हो म्हणून बसलो होतो. नुकताच रंग दिलेला, सगळं चकाचक, भाव थोडा जास्त पण ओढूनताणून जमला असता. एजंट म्हणाला तुम्हाला एक रुपयाचं काम काढायला नको. सुदैवाने ओळखीतले एक मिस्त्रीकाका सोबत आले होते, आयुष्यभर जुन्या घरांची कामं केलेले. त्यांनी खालच्या खोलीत भिंतीवर बोटांच्या पेरांनी टकटक करायला सुरुवात केली, वर खणखणीत आवाज, आणि कमरेच्या खाली आलं की एकदम पोकळ, बद्द. कपाट सरकवलं तर मागे रंग फुगलेला, नखाने उचकटला तर पोपडा हातात आला, आतून ओलसर आणि त्यावर पांढरी मिठासारखी बुरशी. बुरशी नाही ताई, काका म्हणाले, हा लोणा आहे, जमिनीतलं पाणी भिंतीत चढतं, येताना क्षार घेऊन येतं, पाणी उडून जातं आणि क्षार मागे राहतात.

मग त्यांनी जे सांगितलं त्याने माझं घर बघणंच बदललं. पोर्टलंड सिमेंटचं पेटंट १८२४ चं, पण ते साध्या घरांपर्यंत पोचायला बराच काळ गेला, त्यामुळे खूप जुन्या घरांच्या भिंती चुन्यात बांधलेल्या असतात. चुना हवेतला कार्बन डायऑक्साइड घेत घेत हळूहळू परत चुनखडीचा दगड होतो, पण तरी तो मऊच राहतो, भिंत जराशी हलली तर सांभाळून घेतो आणि आत आलेलं पाणी बाहेर जाऊ देतो. अशा भिंतीवर सिमेंटचा गिलावा मारला आणि वर प्लास्टिक पेंट लावला की पाण्याचा बाहेर पडायचा रस्ता बंद, मग ते आतल्या आत वर चढत राहतं, वीट भुसभुशीत होते, भिंतीत घुसलेली तुळईची टोकं कुजतात. आणि बाहेरून सगळं नवंकोरं! म्हणजे ज्या कामासाठी आमच्याकडून जास्त पैसे घेणार होते त्याच कामाने घर आतून खराब होत होतं. मला खरंच राग आला त्या दिवशी, कारण आमच्यासारखेच कोणीतरी आयुष्यभराची बचत घालून ते घर घेणार.

त्यानंतर मी उलटं शोधायला लागले. ज्या घराचे फोटो वाईट, जाहिरात महिनोन्महिने पडून, स्वयंपाकघर अंधारं, कोणी काही "सुधारलेलं" नाही, ते आधी बघायचं. मोठ्या घरांच्या रांगेतलं सगळ्यात छोटं घर बघायचं. आणि संरक्षित भागाची, म्हणजे जुनी घरं जपायला नियम लावलेल्या भागाची, हद्द जिथे संपते त्याच्या पलीकडची गल्ली बघायची, झाडं तीच, चालायचं अंतर तेच, भाव मात्र बऱ्याचदा कमी. आणि नुसतं चालायचं, खूप चालायचं, दारात बसलेल्या म्हाताऱ्या माणसांशी बोलायचं, कारण विकायचं मनात आहे पण अजून कुठे जाहिरात दिली नाही असं घर त्यांनाच माहीत असतं. आमचं घर असंच कळलं.

पहिल्यांदा गेलो तर बंद घराचा कोंदट वास, भिंती काळवंडलेल्या, जिन्यावर एक तिरकी भेग. नवरा गप्प. पण ओल एकाच कोपऱ्यात होती आणि वर बघितलं तर पन्हाळ तुटलेली, म्हणजे पाणी वरून येतंय, जमिनीतून नाही, आणि हे दुरुस्त करता येतं. मिस्त्रीकाकांनी पेचकस घेतला आणि प्रत्येक तुळईच्या टोकाला, भिंतीत शिरते तिथेच, टोचून बघितलं. कुजकं लाकूड असेल तर पेचकस लोण्यात जावा तसा आत जातो. एकच टोक मऊ निघालं, बाकी सगळी टणक. वाळवीच्या मातीच्या नळ्या कुठे नव्हत्या. दोन नळ एकदम सोडले तर धार करंगळीएवढी, लोखंडी पाइप आतून गंजून भरलेले, वायरिंगला अर्थिंग नाही. म्हणजे पाइप आणि वायरिंग पूर्ण नवीन करायचं हे तिथेच ठरलं आणि तेवढी रक्कम आम्ही बोलणीतच कमी करून मागितली. रंगाचे जुने थर खरवडायचे मात्र नाहीत हे काकांनी बजावलं, जुन्या रंगात शिसं असू शकतं (अमेरिकेत घरगुती रंगातल्या शिशावर १९७८ मध्ये बंदी आली, त्याआधी सर्रास असायचं) आणि ती धूळ लहान मुलांच्या पोटात गेली तर मेंदूवर परिणाम होतो. घरात लहान मूल असेल तर हे काम माहितगार माणसाकडूनच करून घ्या, हात जोडून सांगते.

भेगेचं काय? नुसती केसासारखी उभी भेग असेल तर बहुतेक वेळा गिलाव्याची असते. विटांच्या सांध्यातून पायऱ्या पायऱ्यांनी तिरकी जाणारी, एका टोकाला रुंद होत जाणारी असेल तर पाया बसतोय अशी शंका घ्यायची. आमची तिरकी होती, पण कडा काळ्या पडलेल्या, आत धूळ आणि जाळी, म्हणजे जुनी. तरी काकांनी भेगेवर आडवी काचेची पट्टी दोन्ही बाजूंनी चिकटवली आणि पेन्सिलीने तारीख लिहिली. भिंत हलली तर काच तडकणार.

थांबायला वेळ होताच, कारण कागद. मालक वारले होते, मुलं-नातवंडं मिळून बरेच वारस आणि सगळ्यांच्या सह्या हव्यात. घर स्वस्त असण्याचं अर्धं कारण बहुतेक हेच असतं, लोकांना इतका धीर नसतो. इथे मात्र मिस्त्री नाही, चांगला वकील लागतो, एका जरी हिस्सेदाराची सही राहिली तर पुढे दावा उभा राहू शकतो. त्यात संरक्षित भाग असेल तर दर्शनी भाग, खिडक्या, छप्पर परवानगीशिवाय बदलता येत नाही, हे घेण्याआधीच लेखी विचारून घ्या. मला स्वतःला या नियमांचा जाच वाटत नाही, समोरच्या घराच्या जागी उद्या काचेचा टॉवर उभा राहणार नाही तो याच नियमांमुळे.

सह्या व्हायला सात महिने लागले, मधे अख्खा पावसाळा गेला. आता राहायला येऊनही वर्ष होत आलं, पन्हाळ नवीन, तो एक कोपरा चुन्यानेच परत लिंपून घेतला, वास गेला. जिन्यावरची काचपट्टी मी काढू दिली नाही, वर जाताना रोज हात लावून बघते. अजून अख्खी आहे, पेन्सिलची तारीख जरा पुसट झालीये.