अभूतपूर्व, पण कोणत्या मापानं?

एकानं टॉवेलचा माल डझनात सांगितला, दुसऱ्यानं किलोत. जास्त माल कुणाचा? सोलापूरच्या चाटी गल्लीतला कुठलाही कापड दुकानदार उत्तर द्यायच्या आधी विचारेल, एका डझनाचं वजन किती भरतं ते सांगा. अमेरिकन गायिका टेलर स्विफ्टसारखं यश याआधी कुणाला मिळालं का, या वादात हाच प्रश्न कुणी विचारत नाही. एक बाजू २०२४ चे आकडे पुढे करते, दुसरी १९६४ चे, आणि दोन्ही वेगवेगळ्या तराजूत तोललेले असतात. माझं मत आधीच मांडलेलं बरं. चार्टवरचे तिचे बरेचसे विक्रम नियम बदलल्यामुळे शक्य झाले. कॉन्सर्टच्या गल्ल्यात गर्दीपेक्षा दराचा वाटा मोठा आहे. आणि जे खरोखर नवीन आहे, त्याबद्दल सगळ्यात कमी बोललं जातं.

चार्टपासून सुरुवात करू. बिलबोर्ड हॉट १०० ही अमेरिकेतल्या लोकप्रिय गाण्यांची दर आठवड्याची यादी. तिच्या ४ एप्रिल १९६४ च्या अंकात पहिली पाचही गाणी बीटल्स या इंग्लिश बँडची होती. ५ नोव्हेंबर २०२२ च्या यादीत पहिली दहाही टेलरची, आणि ४ मे २०२४ च्या यादीत पहिली चौदा. पाचापेक्षा चौदा मोठे, इथे बहुतेकांचा वाद संपतो. पण १९६४ साली गाणं वर चढायला, रेडिओवर वाजण्याखेरीज, लोकांना दुकानात जाऊन त्याची वेगळी तबकडी विकत घ्यावी लागे. पाच गाणी म्हणजे पाच खरेद्या. आज अल्बम आला त्या रात्री कुणी तो मोबाईलवर पहिल्यापासून शेवटपर्यंत ऐकला, की त्यातल्या प्रत्येक गाण्याच्या खात्यावर एकेक ऐकणं जमा होतं. वेगळी निवड करावी लागत नाही. चाहते मोठ्या संख्येनं एकाच आठवड्यात ऐकतात, म्हणून अख्खा अल्बम एकदम यादीत शिरतो.

डिसेंबर १९९८ पर्यंत तर नियमच असा होता की सिंगल, म्हणजे एका गाण्याची वेगळी तबकडी, म्हणून बाजारात न आलेलं गाणं हॉट १०० मध्ये घ्यायचंच नाही. मायकल जॅक्सनच्या 'थ्रिलर'मध्ये नऊ गाणी. सात सिंगल म्हणून निघाली, आणि सातही पहिल्या दहात गेली. उरलेल्या दोन गाण्यांना यादीचं दारच बंद होतं. शिवाय ती सात गाणी १९८२ ते १९८४ अशी टप्प्याटप्प्यानं सोडली, म्हणजे एकाच आठवड्यात सगळी वर दिसण्याचा प्रश्नच नव्हता. आजचा नियम त्या वेळी असता तर पहिल्याच आठवड्यात नऊच्या नऊ गाणी यादीत असती, याबद्दल मला शंका नाही.

बीटल्सच्या बाजूनं भांडणाऱ्यांनीही एक गोष्ट ध्यानात घ्यावी. ती पाच गाणी एका कंपनीची नव्हती. दोन कॅपिटॉलची, एक स्वानचं, एक व्ही-जेचं आणि एक व्ही-जेच्याच टॉली या लेबलचं. १९६३ मध्ये कॅपिटॉलनं बीटल्सची गाणी अमेरिकेत काढायला नकार दिला, म्हणून ती लहान कंपन्यांकडे गेली. फेब्रुवारी १९६४ मध्ये लाट आली तशी प्रत्येकीनं आपल्याकडचा माल एकदम बाजारात ओतला. सगळी गाणी एकाच हातात असती तर बहुधा एकेक करून, मध्ये अंतर ठेवून निघाली असती. तेव्हा एका आठवड्यात किती गाणी वर, हे माप दोन्हीकडून सोडून द्यावं. अल्बम पहिल्या क्रमांकावर किती आठवडे टिकला, हे त्यापेक्षा बरं माप. 'थ्रिलर' ३७ आठवडे. टेलरचा २०२४ चा अल्बम १७.

अल्बमच्या विक्रीत मात्र उलटी चूक होते. स्ट्रीमिंगमुळे आकडे फुगतात असं सरसकट म्हटलं जातं. २०१८ मध्ये बिलबोर्डनं ठरवलेला हिशोब असा होता: पैसे भरून ऐकणाऱ्यांची १,२५० ऐकणी म्हणजे अल्बमची एक प्रत, फुकट ऐकणाऱ्यांची ३,७५०. १३ गाण्यांचा अल्बम असेल तर एका प्रतीसाठी तो पूर्ण ९६ वेळा ऐकावा लागे. हे काही स्वस्तातलं माप नव्हतं. पळवाट आहे ती गाण्यांच्या संख्येत. अल्बम ३१ गाण्यांचा केला की तेच काम ४० वेळा ऐकून होई. २०२४ चा तिचा अल्बम बाहेर पडल्यावर दोन तासांतच त्याची ३१ गाण्यांची आवृत्ती आली, ती काही योगायोगानं नव्हे.

दुसरी पळवाट आवृत्त्यांची. २०२२ च्या अल्बमच्या तबकड्या चार वेगवेगळ्या वेष्टनांत निघाल्या. चारही वेष्टनं उलटी करून शेजारी शेजारी मांडली की घड्याळाची तबकडी पूर्ण होते. एक घेतली तर पाव घड्याळ. ज्यानं चार घेतल्या तो माणूस एक, प्रती चार. २०२५ च्या अल्बमच्या तीसहून जास्त आवृत्त्या होत्या. पहिल्या आठवड्याचा अमेरिकेतला आकडा ४० लाखांचा, त्यातली प्रत्यक्ष विक्री ३४ लाख ८० हजार. २०१५ मध्ये ब्रिटिश गायिका अडेलच्या '२५' या अल्बमची पहिल्या आठवड्यातली विक्री ३३ लाख ८० हजार होती. तेव्हा तो अल्बम स्ट्रीमिंगवर ठेवलाच नव्हता, आणि आवृत्त्यांचा असा पसाराही नव्हता. प्रती मोजल्या तर टेलर पुढे आहे. विकत घेणारी माणसं मोजली तर अडेल पुढे असावी, असं माझं मत.

आता कॉन्सर्ट. 'एराज टूर' १७ मार्च २०२३ ला सुरू झाली, ८ डिसेंबर २०२४ ला संपली. १४९ कार्यक्रम, १ कोटी १ लाख ६८ हजार प्रेक्षक, तिकिटांचा गल्ला २०७ कोटी ७६ लाख डॉलर. २०११ च्या जनगणनेत सोलापूर शहराची लोकसंख्या साडेनऊ लाख होती, म्हणजे दहा सोलापुरांपेक्षा जास्त माणसं. पण थांबा, भागाकार करू. एका कार्यक्रमाला सरासरी ६८ हजार. यू टू या बँडच्या २००९ ते २०११ च्या दौऱ्यात ११० कार्यक्रमांना ७२ लाख ७० हजार लोक आले, म्हणजे कार्यक्रमामागे ६६ हजार. मैदान तेवढंच भरलं होतं. फरक तिकिटात आहे. यू टूचं सरासरी तिकीट १०१ डॉलर, महागाई धरून आजचे साधारण १४४. टेलरचं २०४. कोल्डप्ले या बँडच्या अलीकडच्या दौऱ्याला तर १ कोटी ३० लाखांहून जास्त लोक आले, तरी विक्रमी गल्ल्याचा मान टेलरकडेच आहे.

आणखी मागे जाऊ. १५ ऑगस्ट १९६५, न्यूयॉर्कचं शी स्टेडियम, बीटल्स, ५५,६०० प्रेक्षक, गल्ला ३ लाख ४ हजार डॉलर. तिकीट सरासरी साडेपाच डॉलरच्या आत, आजच्या पैशात ५४ च्या आसपास. एवढं स्वस्त का? त्या पैशात मिळत काय होतं ते बघा. बारा गाणी, अर्धा तास, आणि आवाज मैदानात घोषणा देण्यासाठी लावलेल्या कर्ण्यांतून. किंकाळ्यांत वादकांना स्वतःचं वाजवणंही नीट ऐकू येत नव्हतं. पुढच्याच वर्षी त्यांनी दौरे बंद केले.

मोठ्या मैदानात आवाज पोचवण्याचं तंत्र समजायला आपलं सोलापूरचं होम मैदान पुरे. मंचापासून १०० मीटरवर उभ्या माणसापर्यंत आवाज पोचायला सुमारे ०.२९ सेकंद लागतात. मागच्या लोकांसाठी मध्ये वेगळे स्पीकर उभे केले आणि त्यांना तेवढाच उशीर लावून दिला नाही, तर त्यांचा आवाज आधी येतो, मंचावरचा मागून, आणि प्रत्येक शब्द दोनदा आदळतो. नुसता आवाज वाढवून हे सुटत नाही, उलट घोळ वाढतो. उशिराचं गणित, माळेसारखे टांगलेले स्पीकर आणि प्रचंड पडदे आल्यावरच शेवटच्या रांगेतल्या माणसाला तीन तासांचा कार्यक्रम देता आला, आणि त्याच्याकडून मोठे पैसे घेता आले. टेलर या बांधलेल्या रस्त्यावरून गेली. तीन तासांहून जास्त वेळ, चाळीसच्या वर गाणी, हे तिचे स्वतःचे कष्ट, त्याचं मोल कमी करायचं कारण नाही.

वेडाच्या बाबतीत मात्र नवं काहीच नाही. ९ फेब्रुवारी १९६४ ला बीटल्सना टीव्हीवर ७ कोटी ३० लाख अमेरिकनांनी पाहिलं, म्हणजे दर पाच माणसांत जवळजवळ दोघांनी. आपल्याकडे बालगंधर्वांचं लुगडं नेसणं आणि केशरचना बघून घराघरांतल्या बायका तशा नटू लागल्या, तेही मोबाईल नसताना. जगभर म्हणाल, तर मायकल जॅक्सन १ नोव्हेंबर १९९६ ला मुंबईत गायला. 'एराज टूर' टोकियो आणि सिंगापूरला आली, भारतात आली नाही.

मग नवं काय? मालकी. गाण्याचे हक्क दोन असतात: शब्द आणि चाल यांचा एक, ध्वनिमुद्रणाचा, म्हणजे मास्टरचा, दुसरा. टेलरच्या पहिल्या सहा अल्बमचे मास्टर कंपनीकडे होते आणि २०१९ मध्ये ते तिच्या इच्छेविरुद्ध विकले गेले. पण गाणी तिनंच लिहिलेली होती आणि पुन्हा ध्वनिमुद्रण करण्यावरची करारातली बंदी संपत आली होती. २०२१ ते २०२३ मध्ये तिनं चार अल्बम नव्यानं गाऊन काढले. सिनेमात किंवा जाहिरातीत गाणं वापरायला दोन्ही हक्कांची परवानगी लागते. जुन्या मास्टरसाठी ती लेखिका म्हणून नाही म्हणू शकत होती आणि नव्यासाठी हो.

पुन्हा ध्वनिमुद्रण फ्रँक सिनात्रानंही १९६० च्या दशकात केलं होतं. पण नव्या प्रतीनं जुनीला मागे टाकणं? '१९८९' हा अल्बम २०१४ मध्ये पहिल्या आठवड्यात १२ लाख ८७ हजार खपला. २०२३ ची नवी आवृत्ती, स्ट्रीमिंग बाजूला ठेवून, १३ लाख ५९ हजार. एकच गायिका, बहुतेक तीच गाणी आणि पहिल्या आठवड्यातल्या प्रत्यक्ष विकल्या गेलेल्या प्रती. याला मी निःशंकपणे अभूतपूर्व म्हणेन. मे २०२५ मध्ये तिनं जुने मास्टरही विकत घेतले.

आपल्या लतादीदींनी गायकांना रॉयल्टी मिळावी म्हणून १९६० च्या दशकाच्या सुरुवातीला आग्रह धरला, त्यावरून रफीसाहेबांशी मतभेद झाले आणि काही वर्षं दोघांनी एकत्र गाणं थांबवलं. हक्काचा लढा तोच होता. पण त्यांच्या हातात चालही नव्हती आणि मास्टरही नव्हता, शब्द दुसऱ्याचे होते.