जीपचे पुढचे डिफरन्सिअल बदलताना

आमची जुनी जीप फोर-व्हीलमध्ये टाकली की पुढून घरघर येऊ लागली, म्हणून डिफरन्सिअलचे, म्हणजे दोन चाकांच्या मधल्या गिअरच्या डब्याचे, तेल काढले, तर त्यात चमचमणारा कीस आणि क्राउनच्या (आतल्या मोठ्या दातेरी चक्राच्या) दाताचा नखाएवढा तुकडा निघाला. जुन्या बाजारातून क्राउन आणि त्याला फिरवणारे छोटे चक्र, पिनियन, यांचा दुसरा जोड घेण्याआधी दात मोजलेच पाहिजेत. आमच्या मागच्या अ‍ॅक्सलला क्राउनचे ४३ आणि पिनियनचे ८ दात, म्हणजे गुणोत्तर ५.३७५ आहे, दिसायला तसाच असलेला ३९ आणि ८ दातांचा जोड पुढे बसवला असता, तर फोर-व्हील लावताच पुढची-मागची चाके एकमेकांशी ओढाताण करत ट्रान्सफर केसचे (पुढच्या-मागच्या चाकांना ताकद वाटणाऱ्या गिअरपेटीचे) वाटोळे करून बसली असती.

चाकांकडे जाणारे दोन्ही दांडे, म्हणजे हाफ शाफ्ट, ओढून काढले. बेअरिंगच्या टोप्या जिथल्या तिथेच बसाव्या लागतात, म्हणून सोडवण्यापूर्वी एकीवर पंचने एक ठिपका मारला आणि दुसरीवर दोन. खरा वेळ खाल्ला तो शिमने, म्हणजे अंतर जुळवणाऱ्या पातळ चकत्यांनी. डायल गेजवर बॅकलॅश, म्हणजे दोन चक्रांच्या दातांमधली मोकळी हालचाल, ०.३५ मिमी दिसत होता. पातळ शिम या बाजूच्या त्या बाजूला करत तो ०.१८ वर आणण्यात आणि दातांना रंग लावून ठसा मधोमध उमटतो का हे पाहण्यात अख्खा रविवार गेला. अनुभवी मिस्त्री हे नुसते हाताने हलवून ठरवतात. माझे तेवढे धाडस नाही. शेवटी नवे गॅस्केट लावून ९० नंबरचे तेल भरायच्या भोकाच्या काठापर्यंत भरले.