पान 42 काढा

वर्गात दिवसभर कानावर पडणारं वाक्य म्हणजे "अमुक पान काढा." वाचायला जड जाणाऱ्या मुलाचा तास तिथेच बुडतो, हे बाहेरच्या माणसाच्या सहसा लक्षात येत नाही.

मी विशेष शिक्षिका, चोपडा तालुक्यातल्या शाळांवर फिरते. सहावीत एक मुलगा आहे. घरी अहिराणी, तोंडी उत्तरं खणखणीत, बोंडअळीबद्दल माझ्यापेक्षा जास्त माहिती. ओळ समोर आली की मात्र 'भ' आणि 'म' मध्ये अडकतो, जोडाक्षराला थांबतो, वाक्य संपेपर्यंत सुरुवात विसरतो. त्याचं अध्ययन अक्षमतेचं (वाचन-लेखन जड जातं, असं) प्रमाणपत्र झालंय, म्हणून वरून ऑडिओ आला. अख्खा धडा एकाच फाइलीत, मध्ये ना मथळा ना पान. गुरुजींनी पान सांगितलं की हा ऑडिओची पट्टी मागेपुढे सरकवत बसायचा, तोवर वर्ग पुढे गेलेला. असल्या फाइली पाठवून 'साहित्य पुरवले' असा रकाना भरणाऱ्यांनी एकदा तरी तासाला येऊन बसावं.

म्हणून हाडांच्या सांध्यांचा धडा, फोन किंवा टॅबला मोठ्याने वाचून दाखवता येईल असा, मी स्वतः करायला घेतला. छपाईसाठी बनवलेल्या मराठी पीडीएफमध्ये बऱ्याचदा दिसतं एक आणि आत साठवलेलं असतं भलतंच. 'विद्यार्थी' उचलला की 'िवद्याथीर्' उतरतो आणि फोनमधला आवाज तेच वाचतो. वेलांटी, रफार, अनुस्वार, एकेक ओळ छापील पुस्तकाशी ताडून युनिकोडमध्ये, म्हणजे कुठल्याही फोनला कळणाऱ्या अक्षरांत, नीट केली. मथळे नुसते ठळक करून भागत नाही. त्यांना मथळ्याची शैली दिली तरच त्यांवर उडी मारता येते. छापील पान जिथे सुरू होतं तिथे पानाची खूण घातली. सगळ्यात वेळ खाल्ला आकृत्यांनी. मुलाला चित्र दिसतं, पण त्यातली नावं वाचता येत नाहीत. "दंडाचं एक हाड, कोपराखाली दोन, हात एकाच दिशेने दुमडतो," एवढंच लिहिलं. सांध्याचं नाव मुद्दाम टाळलं, कारण स्वाध्यायात तेच विचारलंय. वर्णनातून उत्तर फुटता कामा नये. वाचताना शब्द पिवळा होत जातो, त्यामुळे कान आणि डोळा बरोबर चालतात.

(असं पुस्तक बदलून देणं चोरी नाही का, असं काही शिक्षक विचारतात. दिव्यांगांसाठी अशी प्रत करायला कॉपीराइट कायद्यातच 2012 पासून मुभा आहे.)

धडा वर्गात चालला त्या दिवशी मी मागच्या बाकावर होते. गुरुजी म्हणाले, "पान 42 काढा." खुणेवर बोट ठेवून पोरगं ओरडलंच, "सापडनं, गुरुजी!" पुढे कोपराचा सांधा विचारला तर 'बिजागरीचा' हे उत्तर त्यानेच दिलं. "ऐकून अभ्यास म्हणजे वाचायचा कंटाळा," असं हेच गुरुजी मला आधी म्हणाले होते. त्या दिवशी काही बोलले नाहीत.

पण माझ्या डोक्यातून जात नाही ती त्याच्या शेजारची मुलगी. "माले बी ऐकू द्या ना," म्हणून तिने एक इअरफोन मागून घेतला होता. तिची नजर पिवळ्या शब्दावरून हलत नव्हती. तो परिच्छेद दोनदा ऐकला, मग छापील पुस्तकातून तोच वाचून दाखवला, सावकाश पण सरळ. अक्षर सुरेख, फळ्यावरचं जसंच्या तसं उतरवते, कुणाला त्रास नाही. "लाजते, म्हणून वाचत नाही," अशी शाळेची समजूत. दंगा करणाऱ्याकडे लक्ष जातं; गप्प बसणारी मुलगी वर्षानुवर्षं पुढच्या वर्गात ढकलली जाते.

2016 च्या कायद्याने दिव्यांगत्वाचे 21 प्रकार मानले, त्यात अध्ययन अक्षमता आहे. पुस्तकं आणि साहित्य 18 वर्षांपर्यंत मोफत, पण त्यासाठी किमान 40 टक्के दिव्यांगत्वाचं प्रमाणपत्र लागतं. हिची तर तपासणीच झालेली नाही. मुख्याध्यापक म्हणाले, यादीत नाव नाही, टॅब देऊ नका. मी धडा तिच्या वडिलांच्या फोनवर टाकून दिला.

तपासणीला आई तयार आहे. वडील म्हणतात, "पोरीच्या नावावर असला कागद नको, उद्या लग्नात आडवा येईल." दहावीला जादा वेळ, लेखनिक हवा असेल तर हाच कागद लागेल, हे मी त्यांना दोनदा समजावलं. त्यांना दहावी लांब वाटते आणि लग्न जवळ. मुलगी अकरा वर्षांची आहे.