फोनचे रंग घालवले, होमपेज रिकामं केलं: माझा अनुभव

मी प्रूफं तपासते, पुस्तकांची, दिवाळी अंकांची, कधीकधी लग्नपत्रिकांची पण. काम घरीच, पुण्यात कर्वेनगरला, पानं येतात शनिवार पेठेतल्या, पानांची जुळणी करणाऱ्या एका डीटीपीवाल्यांकडून. आता प्रूफ म्हणजे डोळ्याच्या दृष्टीने अगदी नीरस प्रकार, पांढरा कागद, काळी अक्षरं, पान १४ झालं की पान १५, आणि शेजारी फोन, त्यात अंगठा हलवला की दर वेळी वेगळंच काहीतरी, आधी बटाटेवडे मग कुत्र्याचं पिल्लू मग कुणाच्यातरी हळदीतला नाच मग पैठणी. यात प्रूफ कसं जिंकणार? सोळा पानांचा एक फर्मा अख्खी दुपार खायला लागला तेव्हा म्हटलं आता काहीतरी करायलाच हवं.

घरात सगळ्यांचं एकच, मनावर ताबा ठेव. नवरा तेच, सासूबाई तेच ("अगं नाही बघायचं म्हटलं की नाही बघायचं, त्यात काय"). नोटिफिकेशन बंद केली, फोन पालथा ठेवला, जेवणापर्यंत हात लावायचा नाही असं रोज सकाळी ठरवलं. पण गंमत म्हणजे नोटिफिकेशन बंद असतानाही हात जायचाच. मेसेज कुणाचा आला याच्याशी मला देणंघेणं नव्हतं, आत काहीतरी नवीन दिसेल एवढंच पुरायचं.

मग माझी भाची आली राहायला. ती सायकॉलॉजी करतेय, तिला विषय मिळालाच. म्हणाली, "मावशी, पाव्हलॉव्हचा कुत्रा माहितीये ना?" म्हटलं हो, घंटा वाजली की खायला मिळणार म्हणून लाळ गाळणारा. तर म्हणे त्या पाव्हलॉव्हची, म्हणजे रशियन शास्त्रज्ञाची, दुसरी गोष्ट जास्त भारी आहे. मदतनीस कुत्र्याला नीट शिकवून तयार करायचे, मग पाव्हलॉव्हना बोलवायचे बघायला, आणि ते खोलीत आले की कुत्रा त्यांच्याकडेच बघत बसायचा, शिकवलेलं सगळं गायब! नवीन काही दिसलं की चालू काम थांबवून 'हे काय आहे' म्हणून तिकडे वळायचं, ही उपजत प्रतिक्रिया आहे असं त्यांनी लिहून ठेवलंय. तान्ह्या बाळांचं पण तेच. रॉबर्ट फँट्झ या मानसशास्त्रज्ञांनी १९६४ मध्ये दाखवलं की बाळांना एक चित्र परत परत दाखवलं की ती त्याच्याकडे कमी बघतात आणि नवीन चित्राकडे जास्त. म्हणजे हे सगळ्यांचंच आहे, सासूबाईंचं पण (त्या सिरियल लागली की भाजी निवडायची थांबतात, पण ते जाऊदे).

मला खरं पटलं ते ताब्याचं. मुलांसमोर खाऊ ठेवून थांबायला लावायचा तो प्रयोग ऐकलेला असतो आपण, वॉल्टर मिशेल या मानसशास्त्रज्ञांचा. १९७० च्या त्यांच्या अभ्यासात खाऊ नजरेआड ठेवला तर मुलं सरासरी ११ मिनिटांच्या वर थांबली आणि समोर उघडा दिसत असला तर जेमतेम मिनिटभर. मुलं सगळी साधारण सारखीच, फरक काय तर दिसतंय का नाही. काही मुलांनी तर स्वतःच डोळे झाकून घेतले. हे ऐकल्यावर मी मनाशी भांडणं सोडलं आणि सेटिंगमध्ये शिरले.

पहिलं केलं ग्रेस्केल, म्हणजे रंग काढून स्क्रीन नुसती काळी-पांढरी. माझा अँड्रॉइड आहे, त्यात अ‍ॅक्सेसिबिलिटीमध्ये कलर करेक्शन असतं तिथे मिळालं. अमेरिकेत कॉलेजच्या मुलांवर एक अभ्यास झालाय, ग्रे केल्यावर त्यांचा स्क्रीन टाइम दिवसाला सरासरी ३८ मिनिटांच्या आसपास कमी झाला. माझा पण सुरुवातीला झाला, कारण कानातल्यांची रील ग्रेमध्ये बघून काय मिळणार, सगळी कानातली सारखीच. पण त्रास पण झाला बरं का, मॅपवर नळ स्टॉपला ट्रॅफिक लाल आहे का हिरवं ते कळायचं बंद झालं, आणि डीटीपीवाल्यांनी मुखपृष्ठ पाठवून "मॅडम रंग कसा वाटतोय" विचारलं तेव्हा मी आधी फोन रंगीत करायला धावले. शिवाय थोड्या दिवसांनी डोळा ग्रेलाही सरावला. रंग गेला तरी हलणं राहतंच ना, अचानक काही समोर उगवलं की नजर तिकडे ओढली जाते.

खरा फरक पडला तो यूट्यूबची वॉच हिस्टरी (आपण काय काय बघितलं त्याची नोंद) बंद करून आधीची पण पुसून टाकली तेव्हा. ऑगस्ट २०२३ पासून असं आहे की हिस्टरी बंद असेल आणि आधीची फारशी नसेल तर होमपेजवर काहीच सुचवत नाहीत, नुसती शोधायची पट्टी. आता अ‍ॅप उघडायचं तर आपल्याला काय बघायचंय ते आधी माहिती पाहिजे! मी उघडायचे, रिकाम्या पानाकडे बघायचे आणि बंद करायचे. रील्सचं अ‍ॅप काढूनच टाकलं, ते कॉम्प्युटरवर बघता येतं पण तेवढा उत्साह नसतो. आणि कामाच्या वेळी फोन स्वयंपाकघरात, पोह्यांच्या डब्याच्या मागे. २०१७ चा एक अभ्यास आहे की फोन नुसता टेबलावर असला तरी डोकं कमी चालतं, पुढे काहींनी तोच अभ्यास पुन्हा केला तेव्हा प्रत्येक वेळी तसंच आलं नाही, त्यामुळे मी त्यावर फार विसंबत नाही, पण डब्यामागचा फोन दिसत नाही हे नक्की.

मधले काही दिवस वाईट गेले, अगदी खिडकीतून समोरच्यांचे वाळत घातलेले कपडे बघायचे मी. मग एकदा कामासाठी लक्ष्मी रोडला गेले आणि तशीच तुळशीबागेत घुसले. तिथे काय कमी नवीन दिसतं? बांगड्या, क्लिपा, पितळेचे दिवे, भातुकली, दर दोन पावलांवर काहीतरी. पण पाय दुखतात, पिशवी भरते, पैसे संपतात आणि राममंदिरापाशी आलो की आपोआप थांबतो माणूस. रीलला राममंदिर नाही. खाली सरकवत रहायची ती न संपणारी यादी २००६ मध्ये अझा रॅस्किन यांनी डिझाइन केली, नंतर ते स्वतःच त्याबद्दल हळहळले.

भाचीनेच अजून एक सांगितलं ते कामी आलं. सोकोलोव्ह म्हणून रशियन शास्त्रज्ञ, ते म्हणायचे की तेच ते दिसत राहिलं की मेंदू त्याचा नमुना बनवतो आणि दुर्लक्ष करतो, नमुन्याशी जुळलं नाही की परत जागा होतो. अगं, हे तर प्रूफाचंच दुखणं! तिसऱ्या वाचनात वेलांटी चुकलेली दिसत नाही कारण डोळा सरावलेला असतो. म्हणून आता शेवटच्या प्रूफाला मी फाँट बदलून, फिकट पिवळ्या कागदावर प्रिंट मागते, आणि दर फर्म्याला जागा बदलते, एक डायनिंग टेबलवर, एक गॅलरीत. सापडतात चुका. डीटीपीवाले म्हणाले पिवळ्या कागदाचे पैसे वेगळे लागतील, ते मी देते.

आत्ता परिस्थिती अशी की फर्मा दुपारच्या चहाच्या आत होतो, रोज नाही, बहुतेकदा. रात्री जेवणानंतर सासूबाईंबरोबर त्यांच्या फोनवर पैठण्या बघते, ते मला बंद करायचंच नाहीये. कुणाला करून बघायचं असेल तर हिस्टरीपासून सुरुवात करा, ग्रे नंतर, कारण ग्रेला घरातले फार हसतात.