फायरमनची पगारवाढ स्लिपवरच्या कुठल्या ओळीत बसते?

महापालिकेत अग्निशमन दलाच्या पगाराचा विषय निघाला की चर्चा टक्क्यांवर येऊन अडते. युनियन पंचवीस मागते, प्रशासन दहा म्हणतं, कुठेतरी पंधरावर तडजोड होते आणि पेढे वाटले जातात. पंधरा टक्के नेमके कशाचे, हे ठरावात शोधावं लागतं.

मुंबईच्या फायरमनची श्रेणी धरू: सातव्या वेतन आयोगानुसार 21,700 ते 69,100. हिशेबाच्या सोयीसाठी महागाई भत्ता 50 टक्के आणि घरभाडे भत्ता 30 टक्के मानू. मूळ पगार 10 टक्क्यांनी वाढला तर वाढ 2,170 रुपयांची. पण तिच्यावर 1,085 महागाई भत्ता आणि 651 घरभाडं चढतं, म्हणजे स्लिपवर महिन्याला 3,906 रुपये जास्त दिसतात. तेच 2,170 ‘विशेष भत्ता’ म्हणून दिले तर 2,170च राहतात. शिवाय राष्ट्रीय निवृत्तीवेतन योजनेत मालकाचा 14 टक्के हिस्सा मूळ पगार अधिक महागाई भत्त्यावर मोजतात. इथे तो आणखी 456 रुपये होतो. उपदान (ग्रॅच्युइटी) आणि रजेचं रोखीकरणही याच दोन ओळींवर. आणि नवा आयोग लागतो तेव्हा गुणक मूळ पगाराला लागतो, सातव्याला तो 2.57 होता. विशेष भत्त्याला कुणी 2.57 ने गुणत नाही. उलट नव्या रचनेत तो चालू ठेवायचा का, इथपासून वाद सुरू होतो.

म्हणूनच प्रशासनाला भत्ता आवडतो. त्यात लबाडीच असते असं मी म्हणणार नाही. आस्थापना खर्च, म्हणजे मुख्यतः कर्मचाऱ्यांच्या पगाराचा खर्च, उत्पन्नाच्या 35 टक्क्यांच्या आत ठेवा हा शासनाचा आग्रह असतो, आणि अनेक पालिका आधीच त्या रेषेवर किंवा पलीकडे आहेत. शिवाय फायरमनला वरची श्रेणी दिली की दुसऱ्या दिवशी ड्रायव्हर, आरोग्य निरीक्षक, पंप ऑपरेटर अशी रांग लागते. ‘शासनाच्या समकक्ष पदापेक्षा जास्त श्रेणी नको’ हा नगरविकास विभागाचा नेहमीचा शेरा. आता फायरमनचं समकक्ष पद कोणतं? बहुतेक वेळा तुलना पोलीस शिपायाशी होते. ती श्रेणीपुरती ठीक आहे, पण पोलिसांची वसाहत आणि कुटुंब आरोग्य योजना तुलनेच्या तक्त्यात कुणी धरत नाही.

समजा युनियनने जोर लावून श्रेणीच वाढवून घेतली, एस-7 (वर धरलेली 21,700 ची श्रेणी) वरून पुढची एस-8, म्हणजे 25,500 पासून. खरी गंमत इथे सुरू होते. नवा भरती झालेला मुलगा 21,700 ऐवजी थेट 25,500 वर येतो, फायदा 3,800. पाच वेतनवाढी झालेला फायरमन 25,200 वर आहे. पदोन्नतीच्या सूत्राने त्याला आधी एक वेतनवाढ, म्हणजे 26,000, आणि मग एस-8 मधला लगतचा वरचा टप्पा, 26,300. फायदा 1,100. नऊ वेतनवाढी झालेला 28,400 वरून 29,300 धरून 29,600 वर बसतो, फायदा 1,200. पाच वर्षं नळी धरलेला आणि काल आलेला यांच्यात पूर्वी 3,500 चं अंतर होतं, ते 800 वर आलं. घोषणा झाली त्या दिवशी खूश असलेले जुने लोक पहिली स्लिप हातात पडल्यावर युनियनच्या ऑफिसात भांडायला येतात ते यामुळे. उपाय आहे: ठरावातच सेवेच्या वर्षांनुसार टप्पे जोडून द्यायचे, उदाहरणार्थ दर तीन वर्षांना एक जादा वेतनवाढ. खर्च वाढतो, पण हा खर्च आधी मोजून मागितला तर मिळण्याची शक्यता असते; नंतर ‘विसंगती निवारण’ म्हणून मागितला तर फाईल फिरत राहते. आणि पदोन्नती न मिळालेल्यांना 10, 20, 30 वर्षांच्या सेवेनंतर वरची श्रेणी देणाऱ्या आश्वासित प्रगती योजनेत ही श्रेणीवाढ एक लाभ म्हणून मोजली जाणार नाही, हे वाक्य शब्दशः लिहून घ्यावं. ते नसेल तर लेखापरीक्षणात पुढचा लाभ अडकतो आणि वसुली निघते.

तासांबद्दल मात्र दोन्ही बाजू गप्प असतात. 24 तास ड्युटी, 24 तास सुट्टी असं जिथे चालतं, तिथे आठवड्याची सरासरी 84 तास होते. 21,700 मूळ पगाराला ते तासाला साधारण 60 रुपये. आठ तासांची पाळी आणि साप्ताहिक सुट्टी असेल तर 48 तास, म्हणजे तासाला 104. श्रेणी तीच आणि काम तेच, तरी दर जवळजवळ निम्मा. अशा ठिकाणी 15 टक्के वाढीपेक्षा तिसरी पाळी मोलाची.

पण पाळीला माणसं लागतात. एका बंबावर सहा जण धरले, आणि साप्ताहिक सुट्ट्या, अर्जित व किरकोळ रजा, सण आणि प्रशिक्षण वजा करून माणूस वर्षाला 260 दिवस मिळतो असं मानलं, तर तीन पाळ्यांत एक जागा भरायला 4.2 माणसं लागतात. एका बंबाला पंचवीस. पटावर सोळा असतील तर उरलेली उणीव डबल ड्युटीने भरली जाते, आणि वर्दी (आगीची खबर) आली की बंबावर सहाऐवजी चार चढतात. दोघे बी.ए. सेट (पाठीवरचं श्वसनयंत्र) लावून आत गेले, चालक पंपावर राहिला, तर बाहेर एकच जण उरतो. आतल्यांना काही झालं तर त्यांना काढायला जोडी नाही. आकृतिबंधातली (मंजूर पदांच्या तक्त्यातली) रिक्त पदं हा पगाराच्याच वाटाघाटीचा भाग आहे असं मी मानतो. डबल ड्युटीचा दर दुप्पट झाला की भरतीची फाईल आपोआप हलते.

जोखीम भत्त्याला माझा विरोध नाही. मूळ पगाराऐवजी तो देण्याला आहे. 2015 च्या मे महिन्यात काळबादेवीच्या आगीत मुंबई दलाचे चार वरिष्ठ अधिकारी गेले, त्यात दलाचे प्रमुखही होते. जळत्या इमारतीत शिरल्यावर हुद्दा पाहिला जात नाही, म्हणून हा भत्ता सर्व हुद्द्यांना रुपयांत सारखाच असावा, टक्क्यांत नसावा. आणि तो गोठू नये यासाठी केंद्राचा नियम उचलावा: महागाई भत्ता 50 टक्क्यांनी वाढला की भत्ता 25 टक्क्यांनी वाढतो.

दुसरी जोखीम उशिरा दिसते. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने 2022 मध्ये अग्निशमनाचं काम माणसाला कर्करोग देणाऱ्या गोष्टींच्या पहिल्या गटात टाकलं. मूत्राशयाचा कर्करोग आणि मेसोथेलिओमा (मुख्यतः फुप्फुसाच्या आवरणाचा कर्करोग) यांबाबत पुरावा पुरेसा मानला. हे आजार बऱ्याचदा निवृत्तीनंतर उगवतात. कर्तव्यावरच्या अपघाताचा विमा तिथे कामाला येत नाही. निवृत्तीनंतरचं वैद्यकीय संरक्षण आणि दरवर्षीची तपासणी ही मागणी पगारवाढीतले दोन टक्के सोडूनही पदरात पाडून घेण्यासारखी आहे.

पैसा कुठून, हा प्रश्न सभागृहात येणारच. ‘बांधकाम परवानगीच्या वेळी एवढं अग्निशमन शुल्क जमा होतं’ हे उत्तर तिथे चालत नाही, कारण ते शुल्क इमारतीमागे एकदाच येतं आणि बांधकाम थंडावलं की आटतं. त्यातून शिडी घ्यावी, केंद्र बांधावं. पगाराला दरवर्षी येणारा पैसा दाखवावा लागतो: मालमत्ता कराच्या बिलातला अग्निशमन कर, इमारतींकडून घ्यायचं वार्षिक शुल्क. मागणीपत्राला या दोन शीर्षांची तीन वर्षांची वसुली जोडली, आणि शेजारी प्रत्येक टप्प्यावरच्या माणसांची संख्या व त्याला पडणारा फरक मांडला, की लेखा विभागाचा पहिला आक्षेप निघून जातो. दुसरा आक्षेप थकबाकीवर येईल, म्हणून वाढ कोणत्या तारखेपासून आणि फरक किती हप्त्यांत, हे त्याच कागदावर असू द्या.