जिलेटिनचं पाणी: नोंद तिसरी

नळाचा शॉट अखेर जमला. चार सेकंद, 48 फोटो, दोन रविवार.

नव्याने वाचणाऱ्यांसाठी: मी पाच मिनिटांची फिल्म करतेय, त्यातलं पाणी स्टॉप-मोशनने, म्हणजे वस्तू थोडी थोडी हलवून काढलेले फोटो जोडून. पाणी बंद असलेल्या गुरुवारी एक आजी कोरडा नळ सोडते आणि तिच्या मनातलं पाणी त्यातून खरंच येतं. या कल्पनेचं मूळ मिशेल गोंद्रीच्या 2006 सालच्या 'द सायन्स ऑफ स्लीप' या चित्रपटात आहे. त्यातला स्तेफान स्वप्नात पुठ्ठ्याच्या स्टुडिओत, पुठ्ठ्याच्याच कॅमेऱ्यासमोर कार्यक्रम करतो, ते सगळ्यांना आठवतं. माझ्या मनातून मात्र शेजारणीच्या, स्तेफानीच्या घरातला प्रसंग जात नाही. दोघंही जागे आहेत. तो कापसाचे पुंजके वर फेकतोय, ती पियानोवर सूर शोधतेय, आणि नेमके सूर लागले की कापूस हवेतच तरंगत राहतो. नळातून सेलोफेन, म्हणजे आपला जिलेटिनचा कागद, वाहतं. कुणी दचकत नाही. आता स्वप्न सुरू झालं, अशी खूणही कुठे नाही. एकाच्या डोक्यातलं दोघांना दिसतं! तिथे हसू येतं आणि घसाही दाटतो.

माझ्या पहिल्या प्रयत्नात नेमकी ती खूण दिसत होती. आईचा (आजीचं काम तीच करतेय) शॉट एका दिवशी आणि पाणी दुसऱ्या दिवशी, तेही खिडकीच्या उजेडात. फोटो काढता काढता ऊन सरकत गेलं. फोटो जोडल्यावर उजेड लपलपत होता आणि तेवढा तुकडा उपरा दिसत होता.

या वेळी खिडकीला काळी चादर लावली, दिवा एकच ठेवला. फोनमध्ये फोकस, एक्सपोजर, व्हाइट बॅलन्स लॉक केलं, ट्रायपॉडचे पाय ओट्याला चिकटपट्टीने पक्के केले. पंखा बंद, जिलेटिनचा कागद फुंकरीनेही हलतो. नुसता निळा कागद कागदच दिसतो, म्हणून त्यात पारदर्शक पट्ट्या मिसळल्या. चुरगळलेला कागद परत उलगडतो, त्यामुळे आत बारीक तार घातली. दर फोटोला पट्ट्या अर्धा बोट खाली. सेकंदाला 12 फोटो पुरतात, 24 फ्रेमच्या टाइमलाइनवर प्रत्येक फोटो दोनदा येतो.

सगळ्यात मोलाचं हे, की आईने शेवटच्या फोटोपर्यंत नळावरचा हात काढला नाही. तिची बोटं किंचित थरथरतात, ते फोटोंत उतरलंय, आणि त्या थरथरीमुळे पाण्याला जोर आल्यासारखा वाटतो. हे मी ठरवलेलं नव्हतं. आईने शॉट पाहिला आणि म्हणाली, "अगं, तांब्या ठेवायला हवा होता खाली." तांब्या ठेवून पुढचा शॉट घेतेय.

त्यानंतर ढग. देवाच्या वातींचा कापूस आणलाय, तो तंगुसाला (पारदर्शक नायलॉनच्या दोऱ्याला) टांगून पाहिला, पण दिव्यात तंगूस चमकतो. काळा धागा मागच्या पांढऱ्या फरश्यांवर दिसतो. फरश्या झाकायच्या नाहीत, स्वयंपाकघर खरंखुरं राहायला हवं. कुणी तंगुसाची चमक मारून पाहिली असेल तर कशाने, ते सांगा.