बुडबुडे निघत होते, पातळी हलत नव्हती

वॉटर कूलिंगची मशीन, म्हणजे पाण्याने थंड राहणारा कॉम्प्युटर, दुरुस्तीला माझ्याकडे आली की तक्रार बहुतेक वेळा ठरलेली असते: हवा अडकलीय, निघत नाही. नव्याने भरलेल्या लूपमध्ये, म्हणजे पाणी फिरत राहतं त्या बंद वाटेत, हवा असणारच. पाण्याची उष्णता बाहेर टाकणाऱ्या रेडिएटरच्या वरच्या कप्प्यात, चिपवर बसणाऱ्या तांब्याच्या ब्लॉकच्या बारीक खाचांत, नळीच्या उंच वळणावर ती बसून राहते. पंप चालू-बंद करायचा, केस सगळ्या बाजूंनी कलती करायची, टाकीचं झाकण सैल ठेवायचं. थोडा धीर धरला की ती टाकीत येऊन निघून जाते. त्या दिवशीच्या मशीनने मात्र सगळं दुपारभर अडवून धरलं.

थ्रीडी रेंडरिंगची मशीन होती. ग्राफिक्स कार्ड उभं बसवलेलं, दोन रेडिएटर, कडक ॲक्रिलिकच्या नळ्या, पंप आणि टाकी वेगवेगळ्या. जोडणी दुसऱ्या कुणीतरी केलेली, आणि दिसायला खरोखर देखणी. "रेंडर लावला की थोड्या वेळात कार्डचा स्पीड पडतो, आणि पंपात खडे फिरल्यासारखा आवाज येतो," मालक सांगत होता. कित्येक आठवडे तो जमेल तेव्हा झाकण उघडून हवा काढत होता. मशीन तासभर शांत चालायची, मग पुन्हा तेच.

आधी तापमानं पाहिली. कूलंट, म्हणजे लूपमध्ये फिरणारं पाणी, ३४ अंशांवर आणि कार्डचा हॉटस्पॉट, म्हणजे चिपची सर्वांत तापलेली जागा, १०० च्या पुढे. कूलंटच तापलेलं असतं तर रेडिएटरवर किंवा पंख्यांवर संशय गेला असता. इथे पाणी थंड आणि चिप भाजतेय, म्हणजे उष्णता पाण्यापर्यंत पोचतच नाही. दोष चिप आणि ब्लॉकमधल्या थर्मल पेस्टचा, नाहीतर ब्लॉकमधल्या हवेचा. रेंडर चालू ठेवूनच केस हळूच मागे कलती केली. ब्लॉकच्या वरच्या कोपऱ्यातून एक मोठा फुगा सुटून नळीत गेला आणि स्क्रीनवरचा हॉटस्पॉट बघता बघता वीसेक अंशांनी उतरला. पेस्ट खराब असती तर केस कलती करून असा फरक पडला नसता. पाण्याची उष्णतावाहकता हवेच्या वीसपटीहून जास्त आहे. खाचांत हवा बसली की तिथलं तांबं असून नसल्यासारखं.

निदान झालं, असं वाटण्यासारखीच ती वेळ होती. मदरबोर्ड आणि कार्डाची वीज काढली, पॉवर सप्लायच्या २४ पिनांच्या कनेक्टरला, तो मदरबोर्डाविना सुरू व्हावा म्हणून, जंपर लावला आणि फक्त पंप चालवत नेहमीची पद्धत सुरू केली. बुडबुडे येत राहिले. एका लयीत, बारीक, न थांबता. ब्लॉकच्या कोपऱ्यात पुन्हा हवा साठताना डोळ्यांनी दिसत होती.

तेवढ्यात मालक म्हणाला, "टाकीची पातळी मात्र केसभरही उतरलेली नाही. मी पहिल्या दिवशी मार्करने रेघ मारून ठेवलीय. म्हणजे गळती नाही, बरोबर ना?"

सगळं कोडं त्या रेघेत होतं. लूपमधली जुनी हवा बाहेर पडली की तिची जागा पाणी घेतं, आणि ते पाणी येणार टाकीतूनच. पातळी उतरलीच पाहिजे. तीच तर हवा निघाल्याची पावती. इतके आठवडे बुडबुडे निघताहेत आणि रेघ जिथल्या तिथे, याचा अर्थ ही हवा आत अडकलेली नव्हती. एकतर टाकीतलीच हवा पुन्हा लूपमध्ये ओढली जात होती, नाहीतर बाहेरची नवी हवा कुठूनतरी आत येत होती.

पहिली शक्यता तपासायला सोपी. पातळी कमी आणि पंप जोरात असला की टाकीत भोवरा होतो आणि तोच हवा खाली नेतो. टाकी गळ्यापर्यंत भरली. भोवरा नाही, परत येणाऱ्या पाण्याची धार पडून फेसही नाही. बुडबुडे तसेच. पंपाचा वेग अर्ध्यावर आणला, तर थांबले. पुन्हा पूर्ण वेग, पुन्हा सुरू.

पंप हवा ओढत होता. टाकी आणि पंप यांच्यामधला तुकडा हाच लूपमधला सर्वांत कमी दाबाचा भाग. या मशीनमध्ये टाकी पंपापेक्षा जेमतेम उंच होती आणि मधल्या छोट्याशा नळीत दोन काटकोनी रोटरी फिटिंग्ज (फिरवता येणारे सांधे) होती. पंप जोरात चालला की तिथला दाब बाहेरच्या हवेपेक्षा खाली जायचा. पंप बंद असताना मात्र त्याच सांध्यावर आतून पाण्याचा हलका दाब येतो. थेंबभर पाणी बाहेर येऊन वाळून जात असणार. जमिनीवर कधी डाग पडला नाही तो त्यामुळे.

झाकण घट्ट लावून थोडा वेळ पंप चालवला आणि मग उघडलं, तर स्पष्ट फुस्स आवाज आला. आत शिरलेल्या हवेने टाकीत दाब वाढवला होता. तो पुरेसा वाढला की शिरकाव आपोआप मंदावतो. झाकण उघडलं की दाब सुटतो आणि ओढणं नव्याने सुरू. मालक हवा काढायला म्हणून झाकण उघडायचा आणि नेमकी तीच गोष्ट नव्या हवेला वाट करून द्यायची. कुठल्याही मार्गदर्शिकेत हवा काढायची हीच रीत दिलेली असते, त्याला बिचाऱ्याला कसं कळावं!

बॅटरीच्या उजेडात पंपाकडचं फिटिंग पाहिलं. फिरत्या कॉलरच्या खालच्या कडेला फिकट निळी पापुद्र्यासारखी रेघ, वाळलेल्या कूलंटची. नळी किंचित आखूड कापली होती आणि फिटिंगला सतत एका बाजूला ओढत होती. आतली ओ-रिंग (सांधा बंद ठेवणारी रबरी कडी) एका कडेला दबलेली, दुसरीकडे सैल. खात्रीसाठी झाकण उघडं ठेवून पंप पूर्ण वेगात चालवला आणि ड्रॉपरने कूलंटचा एक थेंब त्या फटीवर सोडला. थेंब क्षणभर थरथरला आणि आत ओढला गेला. तेवढ्यापुरती बुडबुड्यांची रांग तुटली. आम्ही दोघं एकदमच "हेच!" म्हणालो.

दुरुस्ती साधीच होती. लूप रिकामं केलं, दोन्ही रोटरी फिटिंग्ज काढली, टाकी चार बोटं वर सरकवली आणि अजिबात ताण येणार नाही अशी नवी नळी नीट मापून बसवली. मग रिकाम्या लूपमध्ये अर्धा बार दाबाची हवा भरून दाब मोजणारा गेज लावला. काटा जागचा हलला नाही, तेव्हाच कूलंट ओतलं. या वेळी जुन्या पद्धतीने हवा काढली आणि पातळी भराभर उतरत गेली. दोनदा वरून भरावं लागलं. संध्याकाळी तासभराचा रेंडर लावला, हॉटस्पॉट ७० च्या आसपास स्थिरावला.

पंपाची काळजी मात्र उरली. त्याचं बेअरिंग कूलंटवरच वंगण घेतं आणि इतके दिवस त्यात हवा मिसळत होती. उघडून पाहिला, पाणी ढकलणारा इंपेलर सहज फिरत होता, ओरखडे नव्हते. तरी आवाज पुन्हा आला तर वाट न बघता पंप बदला, असं मालकाला सांगितलं. पातळी पहिल्या काही दिवसांत थोडी उतरेल, त्याला घाबरू नका, हेही. त्याने जुनी रेघ पुसून नवी मारली आणि खाली तारीख लिहिली.